तिप्पट उंचीचा डोंगर

मुलांनो, तुम्हाला तुमच्या आजोबांचा गुडघा माहीत आहे आणि पेठकडची त्यांची बहीणही माहीत आहे. या दोघांच्या मधे एक डोंगर आहे, एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आक्का आजोबांपेक्षा बऱ्याच मोठ्या. लग्न होऊन त्या पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेल्या तेव्हा आजोबा शाळेत होते. सुट्टी लागली की त्यांचा मुक्काम तिकडे. आक्का झऱ्यावरून हंडा आणायच्या आणि हे मागून छोटी बादली हिंदकळवत यायचे. पुढे नोकरी लागली, नाशिकला घर झालं, तरी भाऊबीज कधी चुकली नाही. डांबरी रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो, वर पाड्यापर्यंतची चढण पायीच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लागोपाठ दोन दिवाळ्या ते गेले नाहीत. आक्कांना गाडी लागते, त्यामुळे त्या इकडे येऊ शकत नाहीत. या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. पाड्यावर रेंज येते-जाते, म्हणून त्या नेहमी ओरडूनच बोलतात.

"भाऊ, औंदा येतो का नाय?"

"बघू, आक्का."

"बघू नको. हो म्हन, नायतर नाय म्हन. माझं वय नाय राह्यलं आता बघू-बघू आयकायचं."

त्याच आठवड्यात तुमच्यातल्या थोरलीने परदेशातून तिच्या अभ्यासाचा थ्री-डी नकाशा पाठवला. डोंगराळ भागातलं पाणी हा तिचा विषय, आणि त्यासाठी तिने मुद्दाम आजोबांच्या ओळखीचा प्रदेश निवडला होता. बोट फिरवलं की जमीन कलते, डोंगराच्या मागे जाऊन बघता येतं. वर जंगल, माती, विहिरींची पाणीपातळी, झरे असे थर. गादीवर एकेक चादर घालावी आणि काढावी, तसे ते घालता-काढता येतात. "आजोबा, झऱ्यांचे ठिपके योग्य जागी पडलेत का, एवढं बघाल?" असं तिने विचारलं होतं. आजोबा चष्मा पुसून बसले. पेठ सापडलं, नदी सापडली, आणि मग आक्कांचा पाडा.

त्यांनी बोटाने जमीन कलती केली. पाड्याखालची चढण पडद्यावर भिंतीसारखी उभी होती.

"यावर मी चढत होतो?"

"हातात बादली घेऊन," मी म्हटलं. "तुम्हीच तर सांगता."

"आता नाही जमायचं," ते म्हणाले. "उद्या आक्काला कळवून टाकतो." आणि सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालायला ते बाल्कनीत गेले.

दुसऱ्या दिवशी ते दूध आणायला खाली उतरले असताना मी टॅब उघडला. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, भूगोलाशी माझा संबंध नाही. मला फक्त आपलं घर बघायचं होतं. ते सापडलं, पण त्याच्या मागची पांडवलेणीची टेकडी मोदकासारखी टोकदार दिसत होती. मी टॅब घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. खिडकीतली पांडवलेणी रोजच्यासारखी आरामात बसलेली होती. एकदा खिडकीत, एकदा टॅबमध्ये, असं बघून मी थोरलीला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती.

"काय गं, आपली पांडवलेणी एवढी कधी वाढली?"

ती खळखळून हसली. "अय्या आजी, सॉरी! मी उंची तिप्पट ताणलीये. सगळे ताणतात. नाहीतर डोंगर झोपल्यासारखे दिसतात आणि पाणी कुठून कुठे उतरतं ते कळत नाही."

"आजोबांना सांगितलं होतंस हे?"

"नाही. का?"

"ते भाऊबीजेला जाणार नाहीत म्हणतात."

तिचं हसू थांबलं. "एक मिनिट, आजी," असं म्हणून तिने तिकडूनच उंची खरी करून टाकली. मग माझ्या डोळ्यांसमोर, फुगलेली पोळी तव्यावरून काढल्यावर बसते तसे, सगळे डोंगर हळूच खाली बसले.

आजोबा दूध घेऊन आले तेव्हा मी टॅब त्यांच्यापुढे धरला आणि उंची तिप्पट ताणली होती ते सांगितलं. त्यांनी नीट बघितलं आणि मान हलवली.

"हा तो नव्हे. कालचा खरा होता. मला तसाच आठवतो."

"आठवणारच. तुम्ही तेव्हा केवढे होतात? बादलीएवढे."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी तसे हसले. मग आक्कांना फोन लावून तेही ओरडूनच म्हणाले, "येतोय! पण हळूहळू चढणार!"

भाऊबीजेला आम्ही सकाळीच निघालो. भात कापणीला आलं होतं आणि उतारावर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. आजोबांच्या हातात काठी. माझ्याकडे पाणी, औषधं, आक्कांचं लुगडं आणि घडीचं स्टूल. थोडं चढायचं, मी स्टूल उघडायचं, त्यांनी बसायचं, असा आमचा क्रम.

"तुझ्या नातीने डोंगर खाली बसवला खरा," ते धापा टाकत म्हणाले, "पण माझ्या गुडघ्याला कळवायचं विसरली." काही बिघडलं की तुम्ही माझी नातवंडं असता, हे लक्षात असू द्या.

अर्ध्या वाटेवर एक आंबा आहे. त्याच्याखाली गोणपाट अंथरून, निरांजनाला पदराचा आडोसा करून आक्का बसल्या होत्या.

"आक्का! तू कशाला उतरलीस?"

"तू चढशील अर्धा, मी उतरीन अर्धा. बस. पाट नाय, गोनपाट हाय."

ते पाया पडायला वाकू लागले तर आक्कांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. "वाकू नको बाबा, परत सरळ कराया दोन मान्सं लागतील." वारा निरांजन विझवत होता आणि आक्का पुन्हा पुन्हा लावत होत्या. ओवाळून झाल्यावर त्यांनी भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी पिशवी आवरत राहिले.

मग आजोबांना आपल्या नातीचं काम दाखवायची घाई झाली. दोन्ही चित्रं मी आधीच टॅबमध्ये उतरवून नेली होती. आधी खऱ्या उंचीचं दाखवलं. आक्कांनी डोळे बारीक केले.

"ह्यो कुठला? ह्यो तर शेताचा बांध वाटतो."

मी तिप्पट उंचीचं लावलं.

"हां! ह्यो आमचा! डोईवर हंडा घेऊन चढलं ना, का असाच वाटतो." आणि झऱ्याच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "पोरीने बराबर टाकलाय."

आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेत पहिला नंबर त्यांचाच आला आहे.

तेव्हा थोरल्या बाईसाहेब, खऱ्या उंचीचा नकाशा परीक्षेला द्या. पण तो तिप्पट उंचीचा पुसू नका. पुढच्या भाऊबीजेला तो परत घेऊन यायला आक्कांनी सांगितलंय. त्याच आंब्याखाली.