माझ्या मधातलं पाणी

माझ्या मधात पाणी आहे, ही बातमी अख्ख्या धानोऱ्याला शाळेच्या माईकवरून मिळाली. एखाद्या दुश्मनानं सांगितली असती तर गोष्ट वेगळी. पण माईक हातात घेऊन ती विचारून घेणारा मीच होतो!

याला कारण माझे इवाई, म्हणजे व्याही, सुनेचे वडील. भद्रावतीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस. शर्टाच्या खिशाला कायम पेन (लिहिताना मी कधी पाहिला नाही). पाहुणे म्हणून आले आणि ठाण मांडून बसले. तोवर माझी नात आरू शाळेतून आली की आधी माझ्या खाटेकडं धावायची. आता तिचं दप्तरसुद्धा त्यांच्या बाजूला पडायला लागलं!

त्यात शाळेत विज्ञानाचा कार्यक्रम आला. ताटात वस्तू मांडायच्या आणि सांगायचं, मूलद्रव्य कोणतं, संयुग कोणतं, मिश्रण कोणतं. इवाईंना तेच पाहिजे होतं. घरीच आरूची तयारी सुरू केली. तांब्याची तार ठेवली, मूलद्रव्य. मीठ ठेवलं, संयुग. रेतीत लोखंडाचा कीस कालवला, मिश्रण. वरून चुंबक फिरवला, तर सारा कीस चुंबकाला! आरू टाळ्या पिटायला लागली.

"आबाजी, पाह्यलं का? नानाजीनं वेगळं केलं!"

"त्यात काय? तुही आजी रोज सुपानं तांदळातले खडे वेगळे करते. तिच्यासाठी कोणी टाळ्या नाई वाजवल्या."

(हे आत ऐकू गेलं. त्या दिवशी माझ्या भातात खडा निघाला. योगायोग असेल!)

"पण मूलद्रव्य म्हणजे काय वं, बेटा?"

"जे एकच असते, आबाजी. दुसरं काईच मिसळलेलं नसते."

एवढंच ना? मी उठलो आणि फळीवरून मधाची बाटली काढली. आग्या मोहोळाचा मध! झाडावर चढून, धूर करून, डंख खाऊन मी स्वतः काढलेला. जन्मात कधी थेंबाची भेसळ केली नाही.

"हे घे मूलद्रव्य! फेकून दे थे तार."

इवाई हसले. "भाऊ, मध तर मिश्रण आहे. त्यात साखर असते, पाणी असते..."

पाणी! माझ्याच खाटेवर बसून, माझ्याच घरचा चहा पीत हा माणूस माझ्या मधात पाणी म्हणतो!

"कोणी टाकलं? नाव सांगा!"

"कोणी टाकलं नाही हो. असतेच."

"तुमच्या फॅक्टरीत असन! आमच्या जंगलात नाई!"

सून आतून म्हणाली, "राहू द्या ना, मामाजी. बाबा सायन्स शिकलेत."

ते सायन्स शिकले! मग मी काय जन्मभर माश्या मारल्या? मी आरूला सरळच विचारलं, "सांग, ताटात मध ठेवशीन का तार?"

पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. "मॅडम सांगतीन थे," म्हणाली आणि पळाली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून, बाटली काखेत मारून पुढच्या रांगेत बसलो. मागं सारं गाव, त्यातले अर्धे माझ्या मधाचे गिऱ्हाईक. समोर आरू उभी, आणि ताटात बघतो तर तार! बाजूला इवाई, हातात चुंबक, चेहऱ्यावर असं तेज की जणू लोखंड यांनीच शोधलं. मला राहवेना. सरळ वर चढलो, तार बाजूला सारली, झाकण उघडून बाटली ताटात ठेवली आणि माईक घेतला.

"मॅडम, साऱ्यायच्या समोर सांगा. माह्या मधात पाणी हाय का नाई?"

"हो आजोबा, आहे ना!" मॅडम खुश होऊन म्हणाल्या. "साखरही आहे!"

मागून किराणावाल्या शब्बीरभाईंचा आवाज आला, "क्या भाऊ, तुम बी?"

"कोण म्हणते?" म्हणून मी गर्रकन वळलो. कोपर लागलं आणि बाटली आडवी! रेती, कीस, मीठ, सगळ्यावर मध. इवाई चुंबक घेऊन वाचवायला धावले, तर चुंबकच आत रुतला. मग त्यांनी माझ्या हातून माईक घेतला.

"मंडळी, हे पाणी फुलांच्या रसातलं. माशीच ते ठेवते. आमच्या इवाईंनी एक थेंब टाकलेला नाही. असा मध भद्रावतीत शोधून सापडत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! अब्रू माझी, मध माझा आणि टाळ्या त्यांना! त्यापेक्षा भेसळवाला म्हणून मिरवलो असतो तर परवडलं असतं.

मॅडम ताटाकडं बघून म्हणाल्या, "आता हे मिश्रण वेगळं कोण करणार?"

"मी!" म्हटलं आणि दोन्ही हात ताटात घातले. आरूही मदतीला आली. वेगळं काहीच झालं नाही, आम्ही दोघंच त्यात मिसळलो.

पण घरी निघताना आरूनं हात धरला तो माझा! त्यांचा नाही, माझा! मी मुद्दाम बाजारातून, बस स्टँडवरून, लांबच्या रस्त्यानं तिला मिरवत आणली. इवाई मागून एकटेच, ताट घेऊन. दारात पोचल्यावर त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "सोड आता बेटा, घर आलं."

"कवाची सोडून राह्यली, आबाजी," आरू रडकुंडीला आली. "हात निघूनच नाई राह्यला!"

आणि गरम पाण्याचा गंज घेऊन आम्हाला वेगळं करायला धावले कोण? दुसरं कोण, इवाईच!