डब्याची लाल चिंधी

दादाच्या केमोच्या दर खेपेला मी भोरहून निघायचे, तो वेल्ह्याकडच्या पासलीहून, आणि नसरापूर फाट्यावर आमची गाठ पडायची. आता गाठ हा शब्दही नकोसा झालाय. तिथून पुण्यापर्यंत तो खिडकीला डोकं टेकून झोपायचा आणि मी त्याची फाईल मांडीवर घेऊन जागी.

अशाच एका खेपेला डॉक्टरीणबाईंनी एका नव्या औषधाचं सांगितलं. अजून चाचणीतच होतं. औषध अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या नॅनो कणांत भरतात आणि कणाच्या अंगावर हुकासारखे आकडे बसवतात. कॅन्सरच्या पेशीवर एक ठरावीक प्रथिन असतं, आकडा त्यातच अडकतो. मग पेशीच त्या कणाला आत ओढून घेते आणि औषध आत सुटतं.

"म्हंजी आईच्या डब्याची चिंधी," दादा म्हणाला.

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. मग मला सांगावं लागलं. मी भोरला शिकायला होते तेव्हा आई एसटीतून डबा पाठवायची. सगळ्यांचे डबे सारखेच, म्हणून कडीला लुगड्याच्या लाल काठाची चिंधी बांधायची. ती बघून मी स्टँडवर डबा उचलायचे. एकदा दुसऱ्याही डब्याला लाल चिंधी होती आणि मी कुणाचं तरी कालवण चाटूनपुसून खाल्लं.

"तसंही होतं," डॉक्टरीणबाई हसल्या. "निरोगी पेशींवरही ते प्रथिन थोडंफार असतं. कण तिथंही चिकटतात, त्याचा त्रास होतो. पण काकांच्या गाठीत ते आहे का, हे आधी तपासू. नसेल तर कण चिकटणार कशाला?"

तपासणी होईपर्यंत दादा फोनवर एकच विचारायचा, "चिंधी निगाली का?" गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्या आवाजात एवढा जीव नव्हता. मला त्या आशेचीच धास्ती वाटायची.

निघाली नाही. त्याच्या गाठीच्या पेशींवर ते प्रथिनच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुनीच केमो चालू ठेवू. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. जगाच्या गाठींना खूण असते आणि आमच्याच मेलीला नसावी?

दादा चपला घालत म्हणाला, "डबा हाय, पर चिंधीच न्हाई. उचलणार कोण?"

पुढच्या खेपेला मी फाट्यावर उभी होते. वेल्ह्याची एसटी आली, माणसं उतरली. दादा उतरला नाही. कंडक्टरनं दारातून एक डबा पुढं केला. कडीला लाल चिंधी होती, वहिनीच्या साडीची असावी.

मी फोन लावला.

"म्या आता न्हाई येत," दादा म्हणाला. "लई दमलो बघ. डबा वळकलास का?"

"वळकला," मी म्हणाले.

पुण्याची एसटी समोर येऊन थांबली. मी ती जाऊ दिली आणि वेल्ह्याकडं जाणाऱ्या गाडीसाठी रस्ता ओलांडला.