टपरीवरचे बूट
परवा बुटाच्या दुकानात नव्या चामड्याचा वास आला आणि मी ट्रक घेऊन जायचो त्या वाळूजच्या एका कंपनीचं गेट आठवलं. पायात जाड बूट नसले तर तिथं ड्रायव्हरला आत सोडत नसत, म्हणून समोरच्या चहाच्या टपरीवर एकच जोड ठेवलेला असायचा. ज्याचा नंबर लागेल त्यानं तो घालायचा, गाडी खाली करायची, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, शिक्का घ्यायचा आणि बाहेर येऊन जोड पुढच्याला द्यायचा. त्या दिवशी माझ्यापुढं करमाडकडचे एक म्हातारे ड्रायव्हर होते. त्यांना शुगर होती, अंगठ्याच्या जखमेला पट्टी बांधलेली. "चपलेवरच जाऊ द्या, साहेब," ते वॉचमनला म्हणाले. वॉचमननं सुरक्षेच्या पाटीकडं बोट केलं. त्यांची गाडी आत गेल्याबिगर माझा नंबर लागणार नव्हता, आणि मला जालन्याला परतीचा माल भरायचा होता, उशीर झाला तर तो दुसऱ्याच्या गाडीत गेला असता. बूट मीच त्यांच्यापुढं ठेवले. "घाला काका, अर्ध्या तासात खाली होती गाडी." त्यांची गाडी मलाही आत नेता आली असती, सुचलं नाय असं नाय. त्यांनी दात आवळून पाय आत सारला. गाडी खाली व्हायला चार तास लागले. बाहेर येऊन त्यांनी बूट काढले तेव्हा पट्टी लाल झाली होती. "घे बाबा, तुझा नंबर," एवढंच म्हणाले. उजवा बूट आतून ओला होता. मी तो फडक्यानं पुसला, घातला आणि गाडी आत घेतली. एवढा उशीर होऊनही जालन्याचा माल मलाच मिळाला. परवा दुकानदार म्हणाला, "पाय घालून बघा." मी आधी हात घातला.