मागे घेतलेला अर्ज

माझा मोठा भाऊ साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. तिथून तांब्याची तार चोरीला गेली आणि संशयावरून पोलिसांनी त्याला उचललं. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावून प्रेत ताब्यात दिलं. हृदय बंद पडलं म्हणाले. चोवीस वर्षांच्या, सकाळी शंभर जोर मारणाऱ्या मुलाचं हृदय! आंघोळ घालताना बाबांनी त्याचे तळपाय पाहिले आणि मला खोलीबाहेर काढलं.

वर्षभर खेटे घातल्यावर एका फौजदारावर खटला उभा राहिला. तोही मारहाणीचा, खुनाचा नाही. साक्षीदार म्हणावा असा एकच होता. बंदरावरच्या भांडणापायी त्या रात्री शेजारच्या कोठडीत बसवलेला एक कोळी. तो स्वतः आमचं घर शोधत गोरेगावला आला. दारातच म्हणाला, "मी सांगन कोर्टान. माज्या कानानं आयकलंय."

कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे एक म्हातारे बसत. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पोरी, आरोपी पोलीस, तपास पोलिसांचा, आणि सरकारी वकील रोज पोलिसांच्या मांडीला मांडी लावून बसणारा. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतंय? सरकारकडे विशेष सरकारी वकील माग. बाहेरचा, ज्याला यांच्याशी उद्या काही काम नाही असा."

इतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तेव्हा स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासात शिकवत होते. तिथल्याच मराठी मशीनवर अर्ज बडवला, मध्ये कार्बन घालून. बाबांना सही तेवढी येत होती. ती त्यांनी श्वास रोखून केली आणि अर्ज मंत्रालयात गेला.

मग एका तारखेला सरकारी वकिलांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. बाबांचं आडनाव वाचून त्यांनी गाव विचारलं आणि एकदम मालवणीत शिरले. "काकानू, म्हणजे आमच्या शेजारच्याच गावचे तुमी! तुमची पालखी आमच्या व्हाळापर्यंत येता ती." बाबांचा चेहरा उजळला. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. वकील पुढे म्हणाले, "मगे ह्यो अर्ज कित्याक केल्यात? माझ्यावर इस्वास नाय? मी आसंय मा!"

पुढच्या तारखेला बाबांनी गावच्या देवीपुढे ठेवलेला नारळ नेला आणि वकिलांच्या हातात दिला. आमच्याकडे असा नारळ हातात घेतला की माणूस शब्दाला बांधला जातो. मग लिहून घ्यायची गरज उरत नाही. वकिलांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

"बाबा, अर्ज राहू दे," मी घरी येऊन म्हटलं. भांडलेच म्हणा ना. "तो माणूस चांगला असेल, पण त्याला बाकीच्या केसेस याच पोलिसांच्या जोरावर चालवायच्या आहेत."

"तो आपलो माणूस, गो. देवीचो नारळ घेतल्यान. आता भायरचो वकील मागूचो म्हणजे तेचा तोंड काळा करूचा."

मी बावीस वर्षांची होते आणि बापाचा शब्द मोडायची सवय नव्हती. त्याच मशीनवर दुसरं पत्र टाइप केलं. सध्याच्या सरकारी वकिलांवर पूर्ण विश्वास असल्याने अर्ज मागे घेत आहोत. एकही चूक नव्हती त्यात. सहीची जागाही मीच बोटाने दाखवली.

साक्षी सुरू झाल्या आणि कोळ्याचं नाव पुकारलंच गेलं नाही. तीन तारखा तो धंदा बुडवून व्हरांड्यात बसला होता. वकील म्हणाले, हा भांडखोर माणूस, उलटतपासणीत टिकणार नाही, त्याच्याने केस बिघडेल. त्याच दुपारी मी त्यांना कँटीनमध्ये फौजदाराशेजारी पाहिलं. दुसऱ्याच कुठल्यातरी खटल्याचे कागद दोघं मिळून चाळत होते. लाच घेतली असती तर मला त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या. ते फक्त आपलं रोजचं काम करत होते.

फौजदार सुटला. पुराव्याअभावी. वकील बाबांना भेटायला आले, डोळे ओले होते. मला ते डोळे फोडावेसे वाटले. बाबांनी मात्र त्यांना नमस्कार केला.

दोन महिन्यांनी सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं. बाबा माळ्याच्या शिडीशी बसले होते. त्यांची नजर माझ्या हातांवर होती.

"काय लिवलेला आसा गो?"

लिहिलं होतं की, प्रकरणाचं स्वरूप पाहता विशेष सरकारी वकील नेमण्याचा निर्णय शासनाने घेतला होता. परंतु दरम्यान अर्जदाराचं माघारीचं पत्र मिळाल्याने प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग म्हटलं, "नाही म्हणतायत, बाबा. तसा वकील देता येत नाही म्हणे."

बाबांनी मोठा श्वास सोडला. किती दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले. "म्हणजे तसोय दिवचेच नव्हते मा," ते म्हणाले. "मगे आपली चूक नाय."

"नाही बाबा," मी म्हटलं.

त्या रात्री ते पोटभर जेवले. ते पत्र आणि दोन्ही अर्जांच्या कार्बन प्रती अजून माझ्याकडे आहेत. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ते पाकीट घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी जपते.