भिवाचं माप माझ्या हातात होतं

नसीमला माझं सगळं ठाऊक आहे. माझी बायको ती — तिनं मला नालीच्या कडेला लोळताना पाहिलंय, ऐन रोज्यात तोंडाला वास येतो म्हणून मान फिरवून बोलताना पाहिलंय. तिच्यापासून आता काय लपवायचं राहिलं? एक राहिलं. ते तिला सांगितलं नाही, भावाला नाही, मशिदीत बसून मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारलं नाही. तुम्हाला सांगतोय. आणि मराठीत सांगतोय, कारण घरी आम्ही दखनी बोलतो, पण भिवाशी मी लहानपणापासून मराठीतच बोलायचो. खोटंही मराठीतच बोललो.

उमापूरच्या रस्त्याला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्या आणतात लोक, मी जुनी तार काढून नवी भरतो. हाताचं काम आहे. वेढे मोजत जायचं, एकसुद्धा चुकता कामा नये. आता ज्याचा हात सकाळी दहापर्यंत थरथरतोय त्यानं काय मोजावं? पंधरा-सोळा वर्षं मी पीत होतो. दरवर्षी रमजानच्या महिन्यात तेवढी सुटायची. तीस दिवस कडक. ईदच्या संध्याकाळी पुन्हा सुरू. लोक म्हणायचे, मिस्त्रीनं मनावर घेतलं तर कधीही सोडील. मलाही तसंच वाटायचं. मग एका रमजानला ते तीस दिवसही निभले नाहीत, आणि नसीमनं मला मोठ्या दवाखान्यात नेऊन घातलं.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगितलं होतं. म्हणाल्या, “इतक्या वर्षांची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, फेफरं येतं, जीवही जातो — इथं या, गोळ्यांवर आठ-दहा दिवसांत आम्ही सुखरूप सोडवतो.” हे वाक्य ध्यानात ठेवा. अख्खं ठेवा. 

मी आठ-दहा दिवसांत घरी आलो. हात थांबले, जेवण जायला लागलं. नसीम गल्लीत मान वर करून चालायला लागली. आणि खरं सांगू का — खरा त्रास तिथून पुढं होता. दवाखान्यात अंग दुखतं, त्याला गोळी आहे. घरी आल्यावर जे होतं त्याला काय म्हणायचं? दुपारचे चार वाजले की छातीत काहीतरी घट्ट व्हायचं. कारण काही नाही. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, बाहेर ऊन, सगळं ठीक — आणि मला वाटायचं, आता काहीतरी वाईट होणार. तळहाताला घाम. वेढे मोजायचो, चाळीसवर विसरायचो, पुन्हा एकपासून. एकदा नसीमनं संत्रं सोलून पुढं ठेवलं. आमच्याकडच्या देशीला संत्र्याचाच वास असतो. ते सालपट मी शर्टाच्या खिशात घालून दुकानात नेलं आणि शटर अर्धं ओढून, लाज सोडून, हुंगत बसलो. एवढा मोठा बाप्या.

डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, असं झालं की फोन करा, या, बोला. केला का मी फोन? नाही केला. मिस्त्रीनं सोडली म्हणून गावभर झालं होतं, आता कोणत्या तोंडानं सांगायचं की रोज चारला जीव जातोय?

भिवा मेंढरंवाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा, मग मेंढरांमागं गेला. पन्नास-साठ मेंढरं, बायको सोजर, आणि माळावरची वस्ती, एवढा त्याचा पसारा. माझ्यासारखाच रोजचा पिणारा, पण माझ्यासारखा भांडखोर नाही. प्यायला की हसायचा आणि झोपायचा. दुपारी मेंढरं ओढ्याला पाणी प्यायला आली की माझ्या दुकानामागच्या कडुलिंबाखाली तो बाटली घेऊन बसायचा. पूर्वी आम्ही दोघं बसायचो.

एक दिवस चार वाजता मी उठून मागं गेलो. पिण्यासाठी नाही, अल्लाची शपथ. नुसता त्याच्याशेजारी जाऊन बसलो. त्यानं बूच फिरवलं, कडकन आवाज झाला, तो वास आला — आणि माझी छाती सुटली. गोळीनं न सुटलेली छाती त्या वासानं सुटली. भिवा घाबरून बाटली पाठीमागं लपवत होता. “जा बे मिस्त्री, तुला बघवायचं न्हाई,” म्हणाला. माझी काळजी करत होता तो. मी म्हणालो, पी तू, मला काही होत नाही.

दुसऱ्या दिवशीही गेलो. मग रोजच. आठवड्याभरात त्याच्या बाटलीचे पैसे मी द्यायला लागलो, म्हणजे तो चुकू नये. बूच मी उघडायचो. ग्लासात मी ओतायचो. ग्लास नाकाशी धरून एक लांब श्वास घ्यायचो आणि मग त्याच्या हातात द्यायचो. तो प्यायला की विचारायचो, उतरली का छातीत? गरम लागतं का? तो आपला हसून सांगायचा. त्याला वाटायचं, दोस्त आहे, सोडली तरी सोबत बसतो. माझ्या जिभेला थेंब लागला नाही. नसीम रोज रात्री माझ्या तोंडाजवळ येऊन वास घ्यायची आणि शुक्र मानायची.

उन्हाळ्यात एका दुपारी भिवा माझ्याच बाटलीवर झोपला. मेंढरं सुटली आणि ओढ्यापलीकडच्या ज्वारीच्या कडवळात शिरली. पाण्यावाचून खुरटलेलं कडवळ म्हणजे जनावराला विष. आम्ही धावत जाईपर्यंत फुगून पडायला लागली होती. अकरा मेली. भिवा प्रत्येकीजवळ जाऊन बसत होता, तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता. सोजरवहिनी बांधावर उभी होती. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिवा दुकानात आला. न पिता. हात लटलट कापत होते, ओठ वाळलेले. मोटारीच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, “मिस्त्री, मला बी सोडायची हाय. तू कसं केलंस, सांग. तू म्हणशील तसं करतो.”

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय सांगायचं असतं? मोटारसायकल बाहेर उभी होती. दीड-दोन तासांचा रस्ता. दवाखान्याचं कार्ड माझ्या खिशात होतं, डॉक्टरीण बाईंचा नंबर फोनमध्ये होता. उचलून नेलं असतं तर आठ-दहा दिवसांत भिवा माणसात आला असता. हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर सुचलं असं मी म्हणणार नाही.

माझ्या डोक्यात काय आलं माहीत आहे? आज चार वाजता मी काय करू?

मी त्याला सांगितलं, “एकदम बंद करू नको भिवा. फेफरं येतं, माणूस मरतो. डॉक्टरीण बाईच म्हणाल्या.” आणि तिथं थांबलो. वाक्याचा दुसरा अर्धा भाग — इथं या, आम्ही सोडवतो — तो गिळला. पुढं माझ्याकडून घातलं, की हळूहळू कमी करायची, माप मी धरतो, तू फक्त माझ्याच हातची घ्यायची.

त्यानं माझे पाय धरले.

तर असं माझं माप सुरू झालं. वाइंडिंगची काळी चिकटपट्टी असते, तिचा एक तुकडा मी स्टीलच्या ग्लासाला आतून लावला. पट्टीपर्यंतच ओतायचं, आणि दर जुम्म्याला पट्टी जराशी खाली. भिवा ती पट्टी बोटानं चाचपून बघायचा, खूश व्हायचा. पण मी काय करत होतो ऐका. आधी दारूत पाणी घालायचो ते मी कमी करत गेलो. ग्लास दिसायला रिकामा होत गेला, दारू तेवढीच राहिली. का? तर पाणी कमी असलं की वास जास्त येतो म्हणून. त्याला जिभेला कळलं. म्हणाला, कडक लागतीया रं. मी म्हणालो, कमी प्यायला लागलास म्हणून जिभेला तसं वाटतं. त्यानं मान हलवली. मिस्त्रीला समजतं, मिस्त्रीनं सोडलीय.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं सांगणं फुकट आहे. माझं ते चारचं भय श्रावणाच्या आसपास गेलं होतं. गेलंच. एक दिवस सव्वापाच झाले तेव्हा ध्यानात आलं, चार वाजून गेले आणि छातीला काही झालं नाही. मला आता त्या वासाची गरज उरली नव्हती. त्या दिवशी तरी मी भिवाला गाडीवर घालायचं होतं ना? नाही घातलं. पुन्हा ते भय आलं तर, म्हणून त्याला हाताशी ठेवला. घरात जुनी तार जपून ठेवतो ना आपण, लागली तर असावी म्हणून, तसा. आणि दुसरं असं, की दवाखान्यात नेला तर त्या बाई विचारणार, इतके दिवस याला कोणी पाजली?

थंडीत भिवाचे डोळे पिवळे झाले. पोट वर आलं, पाय सुजले. मी कावीळ म्हणून सांगितलं, सोजरवहिनी पाल्याचं औषध आणायला गेली. मग एका सकाळी तिला त्याच्या अंथरुणात रक्ताची उलटी दिसली. गाडी मीच केली. दवाखान्यात मी तिच्याशेजारी बाकावर बसून होतो. आतल्या डॉक्टरनं विचारलं, दारू किती पितो. वहिनी म्हणाली, लई कमी केलीय साहेब, आता नुसती बुडापुरती घेतो. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी भिवा गेला.

मयतीला सगळे म्हणत होते, दोस्त असावा तर असा, शेवटपर्यंत त्याच्यासाठी झटला. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच, ते खोटं नव्हतं. चौथीपासूनचा माझा भिवा होता तो.

आज माझ्याकडं बायका नवऱ्यांना घेऊन येतात. मिस्त्री, यांना समजावून सांगा म्हणतात. मी डॉक्टरीण बाईंचं वाक्य सांगतो, अख्खं सांगतो, आणि लागलंच तर स्वतः गाडीवर घालून नेतो. तिघांची सुटली. त्यानं भिवाचं काही फिटत नाही, हे मला कळतं. चार वाजता आता छातीत काही होत नाही. माझी सुटली ती सुटलीच. कशावर सुटली, ते तुम्हाला सांगून झालं.

भिवा गेल्यावर महिन्याभरानं सोजरवहिनी दुकानात आली होती. उरलेली मेंढरं विकून ती माहेरी निघाली होती. काखेत एक घोंगडी होती, काळी, नवी, भिवानं शेवटच्या कातरणीची लोकर देऊन विणून घेतलेली. ती तिनं माझ्या टेबलावर, तारेच्या रिळांशेजारी ठेवली. म्हणाली, “त्यांनीच सांगून ठेवलतं, ही मिस्त्रीला द्यायची. भाऊ, तुमी त्यांची लई कमी केलती. आमचंच नशीब आडवं आलं.”

तेव्हा बोलता आलं असतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ती चहा नको म्हणाली, थोडा वेळ उभी राहिली, जणू मी काही बोलेन म्हणून.

मी घोंगडी घेतली. चांगली आहे वहिनी, म्हणालो.