मोठ्या कॉलेजच्या बाई

"आमच्या कॉलेजात असं नसे," हे वाक्य उच्चारण्याआधी त्या चष्मा काढत, पदराच्या टोकाने काचा पुसत आणि शिक्षकखोलीच्या खिडकीतून तळ्याकडे पाहत. चष्म्यावाचून त्यांना तळं दिसत नसणार. दिसत असेल तो नुसता एक हिरवट, हलता उजेड. पण त्यांचं कॉलेज जणू त्या उजेडातच कुठेतरी उभं होतं, आणि आम्हां बाकीच्यांना मात्र तिथे धोब्याचे दगड आणि म्हशी एवढंच दिसे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखाद्या जागेचा स्पर्श त्यांना तरुणपणी होतो आणि पुढचं सगळं आयुष्य त्या स्पर्शाशी ताडून बघण्यात जातं. बाईंची ती जागा म्हणजे मुंबईतलं एक दगडी कॉलेज. त्याच्या जिन्याच्या पायऱ्या पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेल्या आहेत, ग्रंथालयात जुन्या चामड्याचा आणि समुद्राच्या दमट वाऱ्याचा मिसळलेला वास येतो आणि तिथले एक म्हातारे इंग्रज प्राध्यापक डोळे मिटून कविता वाचत, हे आम्हां सर्वांना पाठ झालं होतं. ठाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत चहा गार आला, घंटा उशिरा झाली, खडू मोडला, तरी ते कॉलेज खिडकीतून आत येई.

"बाई, तुमच्या कॉलेजात पाऊस तरी पडत असे का हो?" चित्रकलेच्या बाई एकदा म्हणाल्या.

"पडत असे," बाई गंभीरपणे उत्तरल्या, "पण तास सुरू असताना कुणी खिडकीशी धावत नसे."

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कॉलेज कोणतं?" मी घरी राहून, बाहेरून परीक्षा दिलेली. तसं सांगितल्यावर त्या इतक्या हळुवारपणे "अरेरे" म्हणाल्या, की माझ्या घरात कुणी गेल्याची बातमी त्यांच्या कानांवर आली असावी असं मला क्षणभर वाटलं. मग त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी वडी माझ्या हातावर ठेवली.

इंग्रजीच्या तासाला त्या मुलींना 'मिस' म्हणत. त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना तसंच संबोधलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेल्या मुलींना. "मिस भोईर, पुढची ओळ वाचा," असं त्यांनी म्हटलं की एकदम चौघी उभ्या राहत, कारण खाडीकाठच्या गावांतून येणाऱ्या मुलींत भोईरच अधिक. चौघीही वाचू लागत. बाई कपाळाला हात लावत. पण पहिल्या नावाने हाक मारण्याइतकं त्या अखेरपर्यंत खाली उतरल्या नाहीत. किंवा, मला आता वाटतं, त्या मुलींना त्यांनी खाली उतरू दिलं नाही.

त्या कल्याणहून येत. घरी सासू, दोन दीर, जावा, मोठं खटलं. पाहुणे आले की सासूबाई त्यांना बाहेर बोलावून सांगत, "ही आमची मोठी. त्या मोठ्या कॉलेजची बी. ए." आणि पाहुणे उठले की म्हणत, "जा आता, डाळ वाटायची राहिलीय." हे त्यांनीच मला सांगितलं होतं, हसत. हसताना त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलत नसत. रोज पहाटे उठून पंधरा माणसांचा स्वयंपाक उरकून त्या शाळेत पोचत, तेव्हा त्यांच्या हाताला हिंगाचा वास असे आणि ओठांवर इंग्रजी कवितेच्या ओळी.

त्या चार भोईरांतली एक यमुना. बाळकुमची, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. रंगाने सावळी, आवाजाने भारदस्त. बाईंनी शिकवलेली कविता ती म्हणू लागली की पंखा नसलेल्या वर्गातल्या उकाड्यात गार झुळूक यावी तसं होई. माझ्या तासाला ती जांभया देत असे, हेही सांगून टाकायला हवं. तीन-चार वर्षांनी मॅट्रिकला ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि बाईंनी चष्मा न काढताच जाहीर केलं, "ही आमच्या कॉलेजात जाणार."

बाळकुमला तिच्या घरी त्या मला सोबत घेऊन गेल्या. यमुनाचे वडील ओट्यावर बसले होते. उघड्या अंगावर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले.

"कालेज म्हंजे कंचा?" त्यांनी विचारलं.

बाईंनी नाव सांगितलं. मग दगडी जिना सांगितला, ग्रंथालय सांगितलं. भोईर ऐकत राहिले. त्यांना होकार द्यायला वेळ लागतोय असं पाहून बाईंना अधिकच स्फुरण चढलं आणि त्या एक वाक्य जास्तीचं बोलल्या.

"हे पाहा भोईर, पाठवायचं तर त्याच कॉलेजात पाठवा. दुसरीकडे कुठे पाठवायचं असेल, तर न पाठवलेलंच बरं."

भोईरांनी मान हलवली. "तुमी सांगता त जाव दे. मी तुमचे शब्दावर पाठवतो, बाय."

यमुना दगडी कॉलेजात गेली. जून सरला, भात पिवळं झालं, दिवाळी आली. सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी दुपारी ती शाळेच्या विहिरीच्या कठड्याशी उभी दिसली. ओळखू येईना. तोच चेहरा, पण आवाज आत ओढून घेतल्यासारखा.

"बाई, मला तिथे नाही जायचं," ती म्हणाली. "दुसरीकडे घाला. पण तिथे नाही."

"का? प्राध्यापक नीट शिकवत नाहीत?"

"शिकवतात. छान शिकवतात." ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "पण माझ्याशी कुणी बोलतच नाही, बाई. मी बाकावर बसले की मुली सरकून घेतात. मी हजेरी देते तेव्हा मागून कुणीतरी माझ्यासारखा आवाज काढतं. आता मी हजेरीसुद्धा हळू देते."

बाई कठड्याला टेकल्या. विहिरीतून ओल्या दगडाचा थंड वास येत होता.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. बा बोलतो, तिथे नाही जायचं तर घरी बस. कळव्याचे पाहुणे येऊन गेले बघायला." आणि मग, बाईंकडे न बघता, "बा बोलतो, बाईंनीच सांगितलंय. तिथे नाही तर कुठेच नाही."

यमुना गेल्यावर आम्ही शिक्षकखोलीत येऊन बसलो. बाईंनी सवयीने चष्मा काढला, काचा पुसल्या. पण खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"त्या जिन्याच्या पायऱ्या मला इतक्या नीट कशा आठवतात, ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत मी तिथे बसत असे. रोज. बोलायला कुणी नव्हतं. कल्याणची मुलगी, नऊवारी नेसणारी, इंग्रजी बोलताना अडखळणारी. चार वर्षांत मला नावाने हाक मारली ती फक्त हजेरीपटावरून. म्हणून ते 'मिस' मला एवढं गोड लागलं. दुसरं काही मिळालंच नाही ना."

"मग यमुनाला तिथेच का धाडलंत?"

"मला वाटलं, आता देश स्वतंत्र झालाय," त्या म्हणाल्या. त्यात उपहास नव्हता. नुसता थकवा होता. दिवसभर उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा, ताठ आणि कोरडा.

मुंबईच्या अलीकडेच, निम्म्या वाटेवर, एक नवं कॉलेज निघालं होतं. पुढच्या टर्मला तिथे नाव घालता आलं असतं. ठाण्याच्या दोघी-तिघी मुली जातही होत्या. त्या कॉलेजाचा विषय निघाला की बाई आजवर "ते? ती तर शिकवणीच आहे, मोठ्या इमारतीत भरणारी," असं म्हणत आल्या होत्या. आता त्याच कॉलेजासाठी भोईरांपुढे शब्द टाकायचा होता.

रविवारी आम्ही पुन्हा बाळकुमला गेलो. भोईर घरी नव्हते. पावसाळा संपला की मिठागरांचे वाफे पायांनी तुडवून तळ घट्ट करावा लागतो. ते काम सुरू होतं. सातआठ माणसं एका रांगेत, हात एकमेकांच्या खांद्यावर ठेवून, काळ्या चिखलात पावलं आपटत पुढे सरकत होती. तळ एकसारखा बसायचा तर रांग तुटून चालत नाही. त्यामुळे भोईर आमच्यासाठी थांबले नाहीत. त्यांच्या बाजूच्या अरुंद बांधावरून बाई चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागून. त्या थांबल्या की रांग पुढे जाई. मग त्यांना पदर सावरत गाठावं लागे. खाडीचा खारट वारा, उन्हात चकाकणारं पाणी, चिखलातून उठणारा सपसप आवाज. अशा जागी कुणी कॉलेजाबद्दल बोललं असेल असं मला वाटत नाही.

"भोईर, यमुनाला दुसऱ्या कॉलेजात घालू या. तेही चांगलं आहे."

"बाय, तुमीच बोललाव नं? त्याच कालेजान पाठवा, नायतं पाठवू नका. मी नाय इसरलो."

"ते माझं चुकलं."

"तवा मोठा कालेज, मोठा कालेज. आता बोलताव, बारका पन चालंल. उंद्या बोलाल, शालाच नको व्हती." रांगेतली माणसं हसली. पावलं आपटतच होती. "तुळशीचा लगीन झाला का मी कळव्याला बोलनी करतो. पोर घरान बसून रडते, त्यापरास आपले घरी जाईल."

बाईंचा पाय बांधावरून घसरला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेला. त्यांनी तो बाहेर काढला नाही. तशाच, एक पाय चिखलात आणि एक बांधावर अशा उभ्या राहून, त्या मोठ्याने म्हणाल्या, "मी त्या मोठ्या कॉलेजात शिकले. या बाई कुठल्याच कॉलेजात गेल्या नाहीत. तुमच्या मुलीला आम्ही दोघींनी शिकवलं, एकाच शाळेत, एकाच वर्गात. तिलाच विचारा, फरक पडला का ते."

रांगेच्या टोकाशी यमुना पाण्याची कळशी घेऊन आली होती. भोईर थांबले. त्यांच्याबरोबर सगळी रांगच थांबली.

"सांग गं. कंचे बायचा शिकवना चांगला?"

यमुनाने आमच्या दोघींकडे पाहिलं. मग कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "मराठीचे बायचा."

वाऱ्याने बाईंचा पदर त्यांच्या तोंडावर आणला. त्यांनी तो बाजूला केला तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. एखाद्याला हवं ते मिळावं, आणि त्याच क्षणी त्याच्या हातातलं दुसरं काही हळूच काढून घेतलं जावं, तसा तो होता.

भोईरांनी एकदा मला, एकदा बाईंना न्याहाळलं. "मंग कंचा पन कालेज चालंल," ते म्हणाले, आणि शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून पाऊल उचललं. "जाव दे तिला. पन आता बदलू नका, बाय. माजे शेजारी हसतान."

परतताना रस्त्यावर धूळ होती. बाईंच्या पायावरचा चिखल वाळून पांढरट झाला होता, त्याला बारीक भेगा पडत होत्या.

"खोटं बोलली ना हो ती?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. त्यांना खोटं सांगणं मला जमलं नसतं.

"बरं केलं." मग थोडं चालल्यावर, "पण फरक पडतो हो. ते प्राध्यापक डोळे मिटून वाचू लागले की मी एकटी आहे हे मला कळत नसे. तेवढा तास. आता तो तास मोठा म्हणायचा की ती चार वर्षं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आज तर विचारूच नका."

त्यानंतर त्या आमच्यात फार दिवस नव्हत्या. यजमानांची बदली झाली आणि पुढच्या जूनमध्ये शाळा भरली तेव्हा इंग्रजीला दुसऱ्या बाई होत्या. नव्या बाई मुलींना पहिल्या नावाने हाका मारत. वर्ग सुरळीत चाले. एका वेळी एकच मुलगी उभी राही.

मला आठवतो तो मात्र त्याआधीचा, यमुनाची नव्या कॉलेजातली टर्म सुरू झाल्यानंतरचा एक दिवस. बाईंनी सकाळची रजा घेतली होती. मधल्या सुट्टीच्या थोडं आधी त्या आल्या, माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"तिच्या नव्या कॉलेजावर गेले होते," त्या म्हणाल्या. "आत नाही गेले. समोरच्या फुटपाथावर उभी राहिले. तास सुटला, मुली बाहेर आल्या. दोन मुलींच्या मधोमध ती होती. काहीतरी मोठ्याने सांगत होती, आणि त्या दोघी हसत होत्या. केवढा तो आवाज! रस्त्यापलीकडे मला ऐकू येत होता."

"तुम्हांला पाहून काय म्हणाली?"

"तिचं लक्षच गेलं नाही माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "मी हाकही मारली नाही."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांवर डोकं टेकलं. जरा वेळाने मी पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. शाळेत झोपलेलं त्यांना आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. चित्रकलेच्या बाईंनी बोलता बोलता आवाज उतरवला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. पुढचा तास बाईंचा होता. मी त्यांचं पुस्तक उचललं, दार हलकेच ओढून घेतलं आणि त्यांच्या वर्गावर गेले.