बोळातली गरम हवा

पुण्यात एका सल्लागाराच्या ऑफिसात मी बरीच वर्षं एकच काम केलं. कुठल्या इमारतीला किती टनाचा एसी लागेल, ते ठरवायचं. भिंत पश्चिमेची आहे का, काच किती, वर उघडं छत आहे की आणखी मजला, खोलीत माणसं किती बसतात, दार किती वेळा उघडतं, हे सगळं मांडून आकडा काढायचा. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा मी गावी, आळ्याला परत आलो आणि नारायणगावात तेच काम सुरू केलं. इथं खोली बघून अंदाजानं 'दीड टन लावा' म्हणायची पद्धत होती. मी टेप काढून भिंती मोजायला लागलो की लोक एकमेकांकडे बघून हसायचे.

पहिलं मोठं काम मिळालं ते पेठेतल्या लहान मुलांच्या दवाखान्याचं. तीन मजले, अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या घरांमध्ये. डॉक्टरबाई चाळिशीच्या, माहेर महाळुंगे पडवळचं, बोलणं कमी आणि कामाला वाघ. पुढच्या बाजूला पाटी होती, गच्चीवर सोलर आणि पाण्याच्या टाक्या. म्हणून एसीची बाहेर बसणारी, गरम हवा सोडणारी आठही युनिटं मी मागच्या भिंतीवर लावायला सांगितली. मागं चार फुटांचा बोळ होता आणि पलीकडे एक जुनं दुमजली घर. "इथं कुणाला दिसणार नाहीत," असं मीच डॉक्टरबाईंना म्हणालो होतो.

पुढच्या एप्रिलात त्यांचा फोन आला. "दुपारी दोननंतर वरच्या वॉर्डात गारवा राहत नाही. आधीच तापाची पोरं, त्यात हा उकाडा. मशिनी लहान पडल्या का?"

हा प्रश्न मला फार लागला. घरी येऊन मी जुने कागद काढले आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. आकडा चुकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग मोठ्या बसवा. मला पोरांना त्रास नकोय."

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण निघताना वाटलं, बाहेरची युनिटं एकदा बघून घ्यावीत. बोळात पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. रस्त्यावर एकोणचाळीस दाखवणारा थर्मामीटर तिथं अठ्ठेचाळीसवर गेला. अरुंद बोळातून गरम हवा लवकर बाहेर पडत नव्हती. एका युनिटनं सोडलेली हवा दुसरं ओढत होतं, म्हणून मशिनी दमत होत्या. मोठ्या बसवल्या असत्या तर बोळ आणखी तापला असता.

तेवढ्यात पलीकडच्या घराच्या खिडकीवरचं ओलं पोतं बाजूला झालं आणि साठीच्या एका बाईंनी डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, तुमी मशिनीवालं का?"

"हो मावशी."

"मग जरा आत या. बसा पाच मिनिटं."

आत त्यांचा स्वयंपाकाचा ओटा होता. त्या डब्यांसाठी भाकऱ्या करायच्या. दवाखान्यात पोरांजवळ बसलेल्या आयाही त्यांच्याकडूनच डबा घ्यायच्या. त्यांचे मालक एसटीतून रिटायर झालेले, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी ओट्याजवळ उभा राहिलो आणि मिनिटभरात सदरा पाठीला चिकटला. गॅस तर बंदच होता.

"आधी सकाळी धा वाजेपत्तूर करायचे," त्या म्हणाल्या. "आता चारला उठते. उन्हाचं उभंच ऱ्हावत न्हाई. दोनदा चक्कर आली. मला वाटलं, वय झालं. बीपीची गोळी वाढवून घेतली."

"कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? लहान लेकरांचा दवाखाना हाय. त्यांनला गार नको का?"

त्या वॉर्डात किती पोरं, किती आया, किती दिवे, सगळं मी मोजलं होतं. आतून काढलेली उष्णता जाते कुठं, हे बघायला मी बोळाच्या पलीकडे एकदाही आलो नव्हतो. शेवटी म्हणालो, "मावशी, ती युनिटं तिथं मीच लावलीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या नाहीत. "मग तुमालाच काढता येतील की," एवढंच म्हणाल्या आणि माठातलं पाणी दिलं.

डॉक्टरबाईंना मी सगळं सरळ सांगितलं. आकडा बरोबर, जागा चुकली, आणि चूक माझी. युनिटं गच्चीवर न्यायची तर टाक्या सरकवाव्या लागणार होत्या आणि दोन दिवस वरचा वॉर्ड बंद. त्या कपाळाला हात लावून बसल्या. "आत्ता? सीझनमध्ये? पावसाळ्यानंतर बघू."

"मॅडम, एकदा पलीकडे येऊन बघा."

ओपीडी संपल्यावर, भर दुपारी, त्या आल्या. मावशींनी खुर्ची पुढं केली, पण त्या ओट्याजवळच उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी मावशींचं मनगट हातात घेतलं, नाडी बघितली आणि गोळीची पट्टी मागून घेतली. "ही कधी वाढवली? उद्या सकाळी माझ्याकडे या, बीपी नीट तपासू." मग माझ्याकडे वळल्या. "रविवारी सुरू करा. वरची पोरं मी खाली घेते."

दोन दिवसांचं काम तीन दिवस चाललं. तांब्याचे पाइप लांबवले, टाक्या कोपऱ्यात नेल्या, युनिटांना मोकळी हवा मिळेल असा स्टँड केला. माझ्या कामाची मजुरी मी लावली नाही. डॉक्टरबाईंनी त्यावरून वाद घातला, पण मी ऐकलं नाही. वरचा वॉर्ड त्याच मशिनींवर गार राहायला लागला. मावशींच्या ओट्याजवळ काही महाबळेश्वर झालं नाही, मे महिना तो मे महिनाच. पण खिडकीवरचं पोतं निघालं आणि त्या पुन्हा उजाडल्यावर उठायला लागल्या. त्यांची वाढवलेली गोळीही डॉक्टरबाईंनी परत कमी केली.

त्यानंतर कुठल्याही कामाला गेलो की टेप काढायच्या आधी मी शेजारच्या घराची कडी वाजवतो. लोकांना वाटतं पत्ता चुकलाय. काही जण चहा देतात, काही दार लावून घेतात. परवा वारूळवाडीत एका आजोबांनी तासभर बसवून घेतलं आणि त्यांच्या घरात दुपारी वारा कुठून येतो, ते मला खोल्याखोल्यांतून फिरवून दाखवलं.